घरघंटीची चौकशी

आमच्या शारजातल्या घरात देवांपेक्षा जास्त मान घरघंटीला होता. देव स्वयंपाकघरातल्या एका फळीवर दाटीवाटीने बसलेले असत, आणि घरघंटी मात्र पॅसेजमध्ये ऐसपैस उभी असे, अंगावर आईने शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर घालून. पुण्याहून ती जहाजाने आली तेव्हा मी पाचवीत असेन. बाबांनी आधी साफ नकार दिला होता. पीठ सुपरमार्केटात पिशवीतून मिळतं, आणि इथे राहायचं तर इथल्यासारखं राहावं, असं त्यांचं मत होतं. इथल्यासारखं म्हणजे नेमकं कुणासारखं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. आई सांगलीची. पिशवीतल्या पिठाची भाकरी थापताना तिचा चेहरा असा व्हायचा की शेवटी बाबांनीच कुणाच्या तरी कंटेनरमध्ये जागा शोधली. अल मजाज वस्तीतल्या आमच्या टॉवरमधून लगून, म्हणजे खाडीचं पाणी, दिसतं, असं बाबा भारतात फोन करून सगळ्यांना सांगत. दिसायचं खरं, पण त्यासाठी हॉलच्या डाव्या कोपऱ्यात मान वाकडी करून उभं राहावं लागे. घरघंटी बघायला मान वाकडी करावी लागत नसे, पण तिच्याबद्दल ते कुणाला सांगत नसत.

गुरुवारी, म्हणजे शुक्रवारच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, ती चालू व्हायची. दुपारभर आई भाजणी भाजायची. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, जिरे, एकामागून एक. एसीमुळे खिडक्या बंद, त्यामुळे तो वास पडद्यांत, उशांत आणि माझ्या शाळेच्या युनिफॉर्ममध्ये शिरायचा, आणि रविवारी, तिथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, वर्गात बसले की मला माझाच वास यायचा. संध्याकाळची अजान सुरू झाली की आई बटणावर बोट ठेवून थांबायची. अजान संपली की घरघंटी सुरू. पॅसेजच्या भिंती थरथरत. खालच्या मजल्यावरचा इजिप्शियन काठीने छत ठोकायचा. आई म्हणायची, "ठोक, ठोक," आणि वरून आणखी मूठभर डाळ टाकायची. मग मराठी मंडळातल्या बायका डबे घेऊन येत, कारण अख्ख्या अल मजाजमध्ये घरघंटी आमच्याकडेच होती. दळण होईपर्यंत त्या हॉलमध्ये बसून सोन्याचा भाव, बाणेरचे फ्लॅट आणि एकमेकींच्या मुलांचे मार्क यांवर बोलत. चौथा विषय मी कधी ऐकला नाही. त्या गेल्या की आम्ही पिठलं आणि दुकानातली खुबूस रोटी खायचो, बरोबर लबनची, म्हणजे तिथल्या ताकाची, कढी. ताजं पीठ डब्यात भरलेलं असायचं, पण दिवसभर राबून आईला पोळ्या लाटायचं त्राण उरलेलं नसायचं.

या बायकांत पाटणकर काकू नसत. त्यांचा डबा ड्रायव्हर आणून देई आणि ड्रायव्हरच घेऊन जाई. पाटणकर हे बाबांच्या कंपनीतले प्रोजेक्ट डायरेक्टर. दुबईत त्यांचा एक मोठा टॉवर उभा राहत होता, आणि बाबा त्यांच्या हाताखाली प्लॅनिंग इंजिनीअर होते, म्हणजे कोणतं काम कधी सुरू होणार आणि कधी संपणार याचे लांबलचक तक्ते बनवत. दोघं एकाच वयाचे, एकाच कॉलेजातले. पण बाबा त्यांना घरीदारी, गणपतीच्या आरतीतसुद्धा, सर म्हणत. पाटणकर त्यांना आगाशे म्हणत, आणि प्रसन्न असले की पाठीवर थाप मारत. ती थाप बाबांना आठवडाभर पुरायची. मी त्या वयात मराठीत ऐकायचे आणि इंग्रजीत उत्तर द्यायचे. "ही इज यूजिंग यू," असं मी एकदा म्हणाले, तर बाबा म्हणाले, "तुला नाही कळायचं, याला रिलेशन्स म्हणतात." आता माझ्या चष्म्याचा नंबर बाबांच्या तेव्हाच्या नंबरापेक्षा जास्त आहे, आणि अजूनही मला त्यात रिलेशन्स दिसत नाहीत.

मंदी आमच्या घरी आली ती चांगली बातमी होऊन. बाबांना दुबईहून शारजाला यायला रोज दोन-दोन तास लागत, गाड्यांच्या रांगेत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. एकाएकी रस्ता मोकळा झाला. बाबा उजेडातच घरी यायला लागले, आई त्यांना तव्यावरची पोळी वाढायला लागली, आणि दोन-तीन आठवडे दोघंही खूश होते. रस्ता मोकळा का झाला, हे आमच्या वर्गातली बाकं रिकामी व्हायला लागली तेव्हा समजलं. दुबईच्या टॉवरचं काम निम्म्यावर थांबलं. वरती क्रेन तशीच राहिली. काढलेलं सामान अल कुसैसच्या यार्डात येऊन पडायला लागलं, आणि बाबांच्या ऑफिसातून माणसं फेरीफेरीने कमी होऊ लागली.

तिथला एक रिवाज इथे सांगायला हवा. कुणी कुटुंब कायमचं परत निघालं की आधी त्यांच्या सामानाची बोलणी होत. सोफा कुणाकडे, वॉशिंग मशीन कुणाकडे, पडदे कुणाला. चांगल्या वस्तूंना आधीच शब्द दिलेला असे, उरलेल्याची चिठ्ठी सुपरमार्केटच्या बोर्डावर लागे. मंदीच्या त्या महिन्यांत हा प्रकार इतका वाढला, की अमुक घर निघालंय ही बातमी नंतर यायची आणि त्यांचं डायनिंग टेबल कुणाकडे चाललंय ते आधी कळायचं. आमच्या ओळखीच्या सभ्य, सुशिक्षित, घरी श्लोक म्हणवून घेणाऱ्या बायका शेजारणीच्या फ्रिजवर डोळा ठेवून तिच्या नवऱ्याच्या नोकरीची चौकशी करत. आईसुद्धा एकदा म्हणाली होती, "केळकरांचा मिक्सर चांगला आहे हं." बाबांनी तिच्याकडे पाहिलं, तेव्हा ती भाजी ढवळायला लागली.

युरोपची सहल आदल्या उन्हाळ्यात ठरली होती, सगळे वरच्या तारेत होते तेव्हा. पाटणकर दरवर्षी मंडळातल्या काही घरांना घेऊन कुठेतरी जात, आणि तिथला ग्रुप फोटो पुढच्या वर्षीच्या मंडळाच्या कॅलेंडरवर छापत. आता जायचं कशाला, असं आईचं म्हणणं होतं. बाबांनी तिला आणि मला जेवणाच्या टेबलाशी बसवून, साइटवरची मीटिंग घेतल्यासारखं समजावलं. पुढच्या फेरीत कुणाला काढायचं ते पाटणकर ठरवणार. नाव आलं तर बाबांचा व्हिसा रद्द, त्यांच्यामागे आईचा आणि माझा, आणि महिन्याभरात गाशा गुंडाळायचा. मी आता बारावीत जाणार होते. मला तिथेच, त्याच वर्गात, त्याच मैत्रिणींबरोबर बारावी करायची होती, आणि दुसरं काहीही नको होतं.

"दहा दिवस आपण त्यांच्याबरोबर असणार," बाबा म्हणाले. "रोज सकाळी ब्रेकफास्टला समोर. जो माणूस रोज समोर बसतो, त्याला टर्मिनेट करणं सोपं नसतं."

"आणि मी काय करायचं?" आईने विचारलं.

"तू काय, तू खायला घाल."

"दॅट्स द प्लॅन?" मी म्हणाले. "चकली?"

"इन्शाल्ला, चालेल," बाबा म्हणाले. विनोद करत नव्हते ते. आमच्या आखातातल्या अनेकांनी नोकरी टिकवायला यापेक्षा शहाणपणाचं काही केलेलं मला माहीत नाही.

मग घरघंटी आठवडाभर रोज चालली. चकल्या, कडबोळी, भडंग, दशम्या, तिळाची चटणी, सगळं डब्यांत भरून बॅगांमध्ये गेलं, आणि माझे दोन स्वेटर जागा नाही म्हणून घरी राहिले. बसमध्ये पाटणकर पती-पत्नी पहिल्या सीटवर, त्यांच्या मागे आम्ही. बाकीची घरं मागे, नोकरीच्या सुरक्षिततेच्या क्रमाने, असं मी तेव्हा वहीच्या मागच्या पानावर लिहिलं होतं. बस सुटली की आई पुढे डबा द्यायची. काकू मागे न बघता हात मागे करायच्या आणि डबा घ्यायच्या. पाटणकर तोंडात भडंग असताना कोणत्या देशाने कोणता पूल चुकीचा बांधला ते सांगायचे, आणि बाबा मान डोलवायचे. चार दिवसांत आम्ही तीन देश आणि त्यांतली बरीच चर्चं पाहिली. पाहिली म्हणजे त्यांच्यासमोर फोटो काढले. आत जाऊन वर पाहायचं, "हाइट आहे," असं म्हणायचं, टॉयलेट शोधायचं आणि बाहेर यायचं. मागच्या सीटवरचे कुलकर्णी प्रत्येक ठिकाणी मेणबत्तीचा भाव दिरहॅममध्ये आणि मग रुपयांत मोठ्याने सांगत. या लोकांना घराबाहेर का सोडतात, असा प्रश्न मला पडत असे.

कोलोनला आम्ही सकाळी पोचलो. वारा असा होता की काकूंची ओढणी त्यांच्याच तोंडावर येत होती. तिथल्या चौकात उभं राहून मी वर पाहिलं. काळंकभिन्न, कुठेही न धुतलेलं, दोन टोकं ढगात घालून ते कॅथेड्रल उभं होतं. दगडाचा एकेक तुकडा कोरलेला, तोही इतक्या उंचावर की खालून कुणाला तो दिसणारच नाही. एका बाजूला परांची बांधली होती. कुणालाही खूश करायची धडपड न करणारी त्या सहलीतली ती एकच गोष्ट होती, आणि त्या एका कारणासाठी मला ते आवडलं. अजूनही आवडतं.

"किती काळं आहे," काकू म्हणाल्या.

"मेंटेनन्स झीरो," पाटणकर म्हणाले. "आपल्या दुबईत असतं तर तीन वर्षांत बांधून, ग्लास लावून, हॅन्डओव्हर करून मोकळे झालो असतो. काय आगाशे?"

"बरोबर आहे, सर," बाबा म्हणाले. चार महिन्यांपासून ज्या टॉवरवर एक वीट हलली नव्हती, त्याच्या वेळापत्रकाचा कागद त्या वेळी त्यांच्या बॅगेत होता.

दाराशी लाल झगा घातलेला एक उंच म्हातारा उभा होता. तो कुणाशी बोलत नव्हता. पाटणकरांच्या डोक्यावर कंपनीची टोपी होती, ती पाहून त्याने फक्त बोटाने खूण केली. पाटणकर हसले आणि पुढे जायला लागले. त्याने पुन्हा तीच खूण केली. पाटणकरांना कुणी असं काही सांगायची सवय नव्हती, त्यामुळे त्यांना ते समजेचना. शेवटी बाबांनी हात वर करून त्यांच्या डोक्यावरची टोपी अलगद काढली, "मी धरतो, सर," असं म्हणाले, आणि ती दोन्ही हातांत प्रसादाचं ताट धरावं तशी धरून आत चालू लागले. लाल झग्यातल्या माणसाने बाबांकडे एकदा पाहिलं. मला तिथल्या तिथे जमिनीत जावंसं वाटलं.

आत अंधार होता आणि थंडी होती. खांब वर वर जात होते. नुकतीच कुठलीतरी पूजा संपली असावी, धुराचे पट्टे अजून खिडक्यांच्या निळ्या-तांबड्या उजेडात तरंगत होते. आई मधेच थांबली आणि तिने डोळे मिटले.

"लोबान," ती म्हणाली. "अगं, आपला रोलाच्या बाजारातला."

तिचं खरं होतं. शारजाच्या रोला बाजारात एका कोपऱ्यावरच्या दुकानातून ती खड्यांचा लोबान आणायची आणि शुक्रवारी सकाळी निखाऱ्यावर टाकून घरभर फिरवायची, भाजणीचा वास घालवायला. आम्हाला घेऊन फिरणारी गाइड, छत्री उंच धरून चालणारी एक जर्मन बाई, आम्हाला पार मागच्या बाजूला घेऊन गेली. तिथे काचेत एक मोठी सोन्याची पेटी होती. बाळ येशूला बघायला पूर्वेकडून तीन राजे आले होते, त्यांच्या अस्थी यात आहेत असं मानतात, आणि त्यांनी भेट म्हणून सोनं आणलं आणि लोबान आणला, असं ती म्हणाली. ते मी आईला सोप्या इंग्रजीत पुन्हा सांगितलं. आईचा चेहरा एकदम फुलला.

"पूर्वेकडून म्हणजे आपल्याच बाजूने आले की," ती म्हणाली. त्या अख्ख्या सहलीत ती मनापासून आनंदात अशी तेवढीच दिसली. तिने त्या पेटीला हात जोडले. तिने काय मागितलं असेल हे सांगायला नको, आम्ही तिघंही दहा दिवस तेच मागत होतो.

तेवढ्यात पाटणकर काकू तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या पर्समध्ये टिश्यूत गुंडाळलेली आईची चकली होती, आणि त्या ती आवाज होऊ न देता पर्समध्येच मोडून एकेक तुकडा तोंडात टाकत होत्या.

"शुभा, एक विचारू?" त्या आईच्या कानाशी म्हणाल्या. "तुझी ती घरघंटी. कुणाला शब्द दिलायस का?"

आईला पहिल्यांदा समजलं नाही. मला समजलं.

"कसला शब्द, वहिनी?"

"अगं, नंतर सगळ्याच मागतील. ती कुलकर्णीबाई तर टपूनच बसलेली असेल. म्हणून म्हटलं आधी सांगून ठेवावं. हे मला म्हणाले, आत्ता विचारू नकोस, घरी पोचल्यावर विचार. पण मग राहून जातं ना."

आईने त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं ती रडेल, किंवा ओरडेल. तिथे ओरडली असती तर छतापर्यंत आवाज गेला असता, आणि मी तेव्हा मनात तेच म्हणत होते, ओरड. पण आई शांत आवाजात म्हणाली, "चकली कशी झालीय, वहिनी?"

"छान गं. खुसखुशीत."

"बारीक जाळीवर दळलीय यंदा. पाच जाळ्या आहेत तिच्याबरोबर. प्रत्येक पिठाची वेगळी."

"हो का? सगळ्या दे हं बरोबर," काकू म्हणाल्या, आणि उरलेला तुकडा त्यांनी तोंडात टाकला.

मी आयुष्यात पुष्कळ हलकी माणसं पाहिली आहेत. काहींनी माझं याहून जास्त नुकसान केलं आहे. पण कुणाच्या घरचं अन्न तोंडात असताना, देवासमोर, त्याच घराचं सामान आपल्या नावावर लावून घेणारी दुसरी बाई मला भेटलेली नाही. आणि त्यांना त्यात वावगं काहीच वाटलं नव्हतं, ही त्यातली खरी गंमत.

आई सरळ बाबांकडे गेली. मी तिच्यामागे. बाबा टोपी धरून पाटणकरांच्या शेजारी एका खिडकीखाली उभे होते. "अहो, जरा इकडे या," असं म्हणून तिने त्यांना खांबाआड नेलं.

"तुमचं नाव आहे," ती म्हणाली.

"कोण म्हणालं?"

"वहिनींनी घरघंटी मागितली."

बाबांना आणखी काही विचारावं लागलं नाही. तिथे इतकी वर्षं काढलेल्या कुणालाच लागलं नसतं. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला. त्यांनी पाटणकरांच्या दिशेने पाहिलं, मग हातातल्या टोपीकडे पाहिलं. आता ती टोपी ते खाली टाकतील, निदान बाकावर ठेवतील, असं मला वाटलं.

"हळू बोल," ते म्हणाले. "ऐकतील ते."

"सो? लेट हिम हिअर," मी म्हणाले. "बाबा, गो अँड आस्क हिम. नाऊ."

"तू मधे पडू नकोस. अजून पाच दिवस आहेत आपल्याकडे." मग आईकडे वळून ते म्हणाले, "तू डबे चालू ठेव."

आईने माझा हात धरला आणि आम्ही बाहेर आलो.

बाहेर चौकात गाइडने सगळ्यांना पुन्हा गोळा केलं आणि दक्षिणेकडच्या मनोऱ्याकडे छत्री दाखवली. हे कॅथेड्रल बांधायला घेतलं, आणि निम्म्यात पैसे आणि उत्साह दोन्ही संपले, असं ती म्हणाली. काम थांबलं. त्या अर्धवट मनोऱ्यावर दगड चढवायची लाकडी क्रेन होती, ती कुणी खाली उतरवली नाही. जवळजवळ चारशे वर्षं ती तशीच वर उभी होती. माणसं तिच्याखाली जन्मली, म्हातारी झाली, गेली. शहराच्या जुन्या चित्रांत सगळीकडे ती क्रेन दिसते. मग कितीतरी पिढ्यांनंतर काम पुन्हा सुरू झालं आणि पुरं झालं.

आमचे लोक वर बघत राहिले. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर दुबईतली आपापली क्रेन आली असणार. कुलकर्णींनीसुद्धा कशाचा भाव सांगितला नाही. तेवढ्यात पाटणकर मोठ्याने म्हणाले, "आगाशे, फोर हंड्रेड इयर्स डिले. तुझ्या तक्त्यात बसेल का रे?"

सगळे हसले. आणि बाबा हसले.

कुणाला ते नुसतं हसू वाटलं असेल. पाच मिनिटांपूर्वी ज्या माणसाला आपल्याला काढलंय हे समजलं, तो काढणाऱ्याच्या विनोदाला मान मागे टाकून, दात दाखवून, शेवटपर्यंत हसला. इतरांचं थांबल्यावरही थोडा वेळ त्याचं चालू राहिलं. बाबांवर माझं प्रेम होतं आणि आहे, पण त्या हसण्याबद्दल मला जे वाटलं त्याला तुच्छता याखेरीज शब्द नाही, आणि वय वाढल्यावर असल्या गोष्टी माफ करता येतात असं जे म्हणतात, त्यांचे बाप तसे हसलेले नसावेत.

मग ग्रुप फोटो. पाटणकरांनी आपला मोठा कॅमेरा बाबांच्या हातात दिला, कारण फोटो कुणीतरी काढायला हवा होता आणि कुणी ते उघड होतं. कॅथेड्रल फोटोत मावेना. "टोकं आली पाहिजेत, आगाशे," असं पाटणकर सांगत होते. बाबा मागे गेले, आणखी मागे गेले, मग गुडघ्यांवर बसले, आणि शेवटी त्या ओल्या दगडांवर चक्क उताणे झाले. टोपी धरायला हात रिकामा नव्हता, म्हणून ती त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घातली. लोक त्यांना वळसा घालून जात होते. काकूंनी मला खेचून आपल्या शेजारी उभं केलं. आई फोटोत नव्हती. ती बसमध्ये जाऊन बसली होती, आणि सगळ्या डब्यांची झाकणं तिने गच्च लावून टाकली होती.

पुढचे पाच दिवस ती झाकणं उघडली नाहीत. बस सुटली की काकूंचा हात मागे यायचा.

"संपलं, वहिनी," आई म्हणायची.

प्रत्येक वळणावर सीटखाली भरलेले डबे एकमेकांवर आपटत. सगळ्या बसला ऐकू यायचं. बाबांनी दोन-तीनदा तिच्याकडे वळून पाहिलं, मग तेही खिडकीबाहेर बघायला लागले. ब्रेकफास्टला मात्र ते रोज पाटणकरांच्या समोरच्याच खुर्चीवर बसत.

परत आल्यावर आठवडाही झाला नसेल, बाबांच्या हातात पत्र पडलं. पाटणकरांनी ते स्वतः दिलं नाही, ते त्या दिवशी साइटवर गेले होते, जिथे करायला काही काम नव्हतं. "सरांना वाईट वाटलं असणार, समोर उभं राहवलं नसेल," असं बाबा म्हणाले. माझी शाळा सुटली. बारावी मी पुण्यात केली, अशा वर्गात जिथे माझ्या मराठीला सगळे हसत आणि माझ्या इंग्रजीचा राग करत. ते पुढे कधी लिहीन. त्या महिन्यात आमचं घर तुकड्यातुकड्याने बाहेर गेलं. सोफा, पलंग, माझं टेबल. बायका यायच्या, हात फिरवून बघायच्या, "अरेरे" म्हणायच्या आणि भाव पाडायच्या.

घरघंटी काकूंनाच गेली. बाबांचं म्हणणं होतं की तिचे पैसे घेऊ नयेत, पुढेमागे ओळख उपयोगी पडेल. आईने पूर्ण पैसे घेतले. ड्रायव्हर आणि दोन माणसं ती न्यायला आली त्या दिवशी आईने ती आतून-बाहेरून पुसली, धुतलेलं कव्हर घातलं, वरती हळदकुंकू लावलं. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत ती दारात उभी होती. मग आत येऊन तिने माझी सुटकेस उघडायला सांगितली. माझ्या पुस्तकांच्या मधे तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पाच गोल जाळ्या एकावर एक ठेवल्या. जाळी नसेल तर घरघंटी नुसती घरघर करते, पीठ पडत नाही.

"आई," मी म्हणाले. माझं पुढचं वाक्य पहिल्यांदाच मराठीत आलं. "त्यांना कळेल."

"कळू दे," आई म्हणाली. "बघते म्हणून सांगेन."

पुण्याला पोचल्यावर आठवड्याभरात काकूंचा फोन आला. शुभा, जाळ्या कुठे ठेवल्यास गं? आई म्हणाली, "नाहीत का त्यात? बांधाबांधीत राहिल्या असतील. बघते." त्यानंतर दर महिन्याला फोन यायचा आणि आई दर महिन्याला बघते म्हणायची. त्या मॉडेलच्या जाळ्या आता कुठे मिळत नाहीत, हे काकूंनीच तिला सांगितलं. जानेवारीत मंडळाचं कॅलेंडर आलं. फोटो चांगला होता, दोन्ही टोकं आली होती, सगळे हसत होते, एक मी सोडून. बाबांनी ते हॉलमध्ये लावलं.

पुढच्या फेरीत पाटणकरही गेले. त्यांना कुणी फोन करून सामान मागितलं का ते मला माहीत नाही, पण घरघंटी त्यांनी कंटेनरमध्ये घालून पुण्याला आणली, हे माहीत आहे. एका लग्नात ते भेटले. बाबा लगबगीने पुढे गेले आणि "या सर, बसा सर," करत त्यांच्यासाठी खुर्ची ओढायला लागले. काकू पंगतीत आईच्या शेजारी येऊन बसल्या. वरण-भात वाढून झाला, त्यांनी आईच्या हातावर हात ठेवला.

"शुभा, जाळ्या सापडल्या का गं?"

"बघतेय, वहिनी," आई म्हणाली, आणि वाढप्याला तिने त्यांच्या पानात आणखी एक जिलबी वाढायला सांगितलं. त्या दिवशी सकाळी घरातून निघताना दुधाच्या पातेल्यावर मांजर येऊ नये म्हणून तिने बारीक जाळी झाकून ठेवली होती, चकलीच्या पिठाची.